क्लायंटच्या साइटसाठी होस्टिंग कसं निवडावं: नव्या वेब डिझायनरसाठी मार्गदर्शक

वेब डिझायनर होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची सर्व्हरजागा) निवडतो ते बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी. साइट तयार होते, क्लायंट खूश होतो, तुम्ही पुढच्या कामाला लागता. ती साइट मात्र पुढची काही वर्षं तुम्ही सुचवलेल्या सर्व्हरवरच राहणार असते. मध्यरात्री ती बंद पडली, फॉर्मचे मेल येईनासे झाले, रिन्यूअलचं बिल एकदम फुगलं, की फोन तुम्हालाच येतो. म्हणून योजनांची तुलना करायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: मी बाजूला झाल्यावर ही साइट कोण सांभाळणार आहे? पुढच्या जवळपास प्रत्येक निर्णयाचं उत्तर इथून निघतं.

आधी साइट ओळखा

होस्टिंगच्या दृष्टीने साइट तीन प्रकारच्या असतात. पहिल्या स्थिर: नुसत्या एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि चित्रांच्या फायली. तिथे डेटाबेस नाही, लॉगिन नाही. दुसऱ्या वर्डप्रेससारख्या सीएमएसवरच्या (सीएमएस म्हणजे कोड न लिहिता मजकूर बदलता येणारी प्रणाली). यात पानं डेटाबेसमधून तयार होतात, पण एकदा तयार झालेलं पान कॅशमधून (साठवून ठेवलेल्या तयार प्रतीतून) हजारो लोकांना दाखवता येतं. तिसऱ्या दुकानाच्या, सदस्यत्वाच्या किंवा बुकिंगच्या साइट. इथे प्रत्येकाची कार्ट वेगळी, प्रत्येकाचं पान वेगळं, त्यामुळे कॅशचा उपयोग मर्यादित आणि सर्व्हरला खरोखरच कष्ट पडतात.

मग वाहतुकीचा अंदाज. दिवसाला ५०० जण येतात, प्रत्येकजण ३ पानं पाहतो आणि एक पान २ एमबीचं आहे असं धरा. रोजचे ३ जीबी झाले, महिन्याचे ९०. चित्रं नीट आटोपशीर करून पान १ एमबीवर आणलं, तर तोच आकडा ४५ जीबी होतो. म्हणजे होस्टिंगचा खर्च काही प्रमाणात तुमच्या डिझाइनवरच ठरतो, हे लक्षात ठेवा. हा गुणाकार अवघड नाही, तरी कितीतरी जण तो न करता योजना विकत घेतात.

प्रकार निवडा

स्थिर साइटसाठी गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस, व्हर्सेल अशा सेवा उत्तम आहेत. फायली चढवल्या की काम झालं. हॅक होण्यासारखं सर्व्हरवर फारसं काही उरत नाही. फक्त मोफत योजनेच्या अटी वाचा. व्हर्सेलची मोफत योजना वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, आणि गिटहब पेजेसलाही त्यावर ऑनलाइन धंदा चालवलेला चालत नाही. क्लायंटची व्यावसायिक साइट अशा ठिकाणी ठेवणं म्हणजे कधीही बंद होऊ शकेल अशा जागी ठेवणं.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात. इमारतीच्या एकाच टाकीवर सगळ्यांचे नळ असावेत तसं: शेजाऱ्याने सोडला की तुमच्याकडे धार बारीक होते. तरीही छोट्या व्यवसायाच्या सात-आठ पानांच्या वर्डप्रेस साइटला चांगल्या कंपनीचं शेअर्ड होस्टिंग पुरतं, त्यात कमीपणा काही नाही.

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र आभासी तुकडा. त्यात प्रोसेसर आणि मेमरीचा ठरलेला वाटा तुमच्या नावावर असतो. नवे डिझायनर इथे हमखास फसतात, कारण डिजिटलओशन किंवा हेट्झनरसारख्या ठिकाणी साधा व्हीपीएस अनेक मॅनेज्ड (सर्व्हरची देखभाल कंपनीच करते अशा) योजनांपेक्षा स्वस्त दिसतो. पण त्या किमतीत मिळतो तो रिकामा लिनक्स. फायरवॉल लावणं, सुरक्षा अपडेट, डेटाबेसची जुळवणी, बॅकअप, सगळं तुमचं. तुम्हाला सर्व्हर सांभाळायला मनापासून आवडत असेल आणि त्याचे पैसे क्लायंट देणार असेल तर जरूर घ्या. नसेल तर अनमॅनेज्ड व्हीपीएसवर क्लायंटची साइट ठेवू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

मॅनेज्ड वर्डप्रेस होस्टिंग महाग असतं, पण अपडेट, कॅश, रोजचा बॅकअप आणि स्टेजिंग (साइटची चाचणीसाठीची प्रत) कंपनी बघते. ज्या क्लायंटकडे तांत्रिक माणूस नाही आणि साइटवर धंदा अवलंबून आहे, त्याच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. डेडिकेटेड सर्व्हरची (अख्खं यंत्र एकट्यासाठी) गरज या टप्प्यावर तुम्हाला पडणार नाही.

राहिलं रिसेलर होस्टिंग. एक मोठी योजना घ्यायची, डब्ल्यूएचएम या खाती वाटायच्या पॅनेलमधून तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक क्लायंटला वेगळं सीपॅनेल (आपलं होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) द्यायचं. दरमहा उत्पन्नाची ही वाट आकर्षक वाटते. मात्र त्या दिवसापासून होस्टिंग कंपनी म्हणजे तुम्ही. रविवारी मेल अडकला तर उत्तर तुम्हीच द्यायचं. क्लायंटशी देखभालीचा लेखी करार आणि तुमच्या गैरहजेरीत काम बघणारा दुसरा माणूस, या दोन गोष्टी असतील तरच या वाटेला जा.

सर्व्हर कुठे आहे ते पाहा

प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. वाचक आणि सर्व्हर यांच्यात १०,००० किलोमीटर अंतर असेल तर नुसत्या जाण्यायेण्याला किमान १०० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, त्यामुळे जास्तच. शिवाय नवी सुरक्षित जोडणी उघडताना एक फेरी टीसीपीची (जोडणी जुळवण्याची), एक टीएलएसची (ती सुरक्षित करण्याची; आवृत्ती १.३ असेल तर) आणि मग पान मागण्याची तिसरी. म्हणजे सर्व्हरने पान तयार करायला शून्य वेळ घेतला तरी पहिला बाइट येईपर्यंत ३०० मिलिसेकंद गेले. गूगलच्या मार्गदर्शनानुसार हा पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत आला तर चांगलं. त्यातला मोठा वाटा अंतरातच संपवू नका: क्लायंटचे ग्राहक जिथे राहतात त्याच्या जवळचं डेटा सेंटर निवडा.

सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साइटच्या फायलींच्या प्रती ठेवणारी सेवा) लावलं की हा प्रश्न सुटतो, असं सर्रास सांगतात. अर्धंच सुटतो. चित्रं आणि सीएसएस जवळून येतात, पण कार्ट, चेकआउट, लॉगिननंतरची पानं मूळ सर्व्हरवरूनच यावी लागतात. दुकानाच्या साइटला म्हणूनच जवळचा सर्व्हर हवा. वैयक्तिक माहिती कोणत्या देशात साठवायची याचे नियमही काही ठिकाणी असतात. क्लायंटला ते लागू आहेत का, हे खरेदीआधी विचारून घ्या.

जाहिरातीतले आकडे वाचायला शिका

इथे थोडं थांबून वाचा, कारण खरेदीतल्या बहुतेक निराशा याच भागातून येतात.

'अनलिमिटेड' जागा कुणीच देत नाही. वापराच्या अटींमध्ये मर्यादा लिहिलेली असते, आणि ती बहुधा आयनोडच्या रूपात असते. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, मेलबॉक्समधलं प्रत्येक पत्र म्हणजे एकेक आयनोड. वर्डप्रेसमध्ये एक फोटो चढवला की त्याच्या लहानमोठ्या पाच-सहा प्रती तयार होतात. थीम आणि प्लगइननी आपले वेगळे आकार मागितले, की आणखी. हजार फोटोंची गॅलरी म्हणजे सहज सात-आठ हजार फायली. त्यात त्याच खात्यावर दहा जणांचे जुने मेल. जागा भरपूर शिल्लक असताना 'मर्यादा संपली' असा संदेश येतो तो यामुळे.

दुसरी लपलेली मर्यादा एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची. अनेक शेअर्ड कंपन्या क्लाउडलिनक्स ही सर्व्हर प्रणाली वापरतात आणि त्यात प्रत्येक खात्याला 'एंट्री प्रोसेस'ची संख्या ठरवून दिलेली असते. समजा ती २० आहे आणि कॅशमध्ये नसलेलं पान तयार व्हायला १ सेकंद लागतो. मग सेकंदाला साधारण २० विनंत्या पुऱ्या होतील. जड थीममुळे तोच वेळ २ सेकंदांवर गेला की क्षमता १० वर येते, आणि पुढच्या पाहुण्यांना ५०८ क्रमांकाची एरर दिसते. जाहिरातीत जागेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही प्रोसेसर, मेमरी आणि एंट्री प्रोसेस यांचे आकडे शोधा. सापडले नाहीत तर विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर पुढे चला.

अपटाइमचा (साइट चालू राहण्याच्या वेळेचा) आकडाही वेळेत बदलून बघा. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद. ९९ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. हमी मोडल्यावर भरपाई काय, तेही वाचा. बहुतेक ठिकाणी ती पुढच्या बिलात थोडी सूट एवढीच असते आणि तीही तुम्ही मागितली तर. क्लायंटचं बुडालेलं उत्पन्न कुणी भरून देत नाही.

किंमत पाहताना पहिल्या मुदतीचा दर बाजूला ठेवा आणि रिन्यूअलचा दर शोधा. तो कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो. पहिल्या मुदतीत तीन वर्षांचे पैसे एकदम मागतात, म्हणून महिन्याचा आकडा लहान दिसतो. क्लायंटला कोटेशन देताना दोन्ही दर लिहून द्या. दोन वर्षांनी तो चकित झाला तर विश्वास तुमच्यावरचा उडेल.

आणि 'सर्वोत्तम दहा होस्टिंग' छापाच्या याद्या. होस्टिंग कंपन्या ग्राहक आणून देणाऱ्याला घसघशीत कमिशन देतात, त्यामुळे यादीतला क्रमांक अनेकदा त्यावर ठरतो. शिवाय वेगळ्या दिसणाऱ्या नावांमागे एकच मालक असू शकतो: ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर ही दोन्ही नावं न्यूफोल्ड डिजिटल या एकाच समूहाची आहेत. एकाला कंटाळून दुसरीकडे जाताना हे माहीत असलेलं बरं.

तुमच्या कामाची हत्यारं

डिझायनर म्हणून तुम्हाला रोज काय लागतं ते तपासा. स्टेजिंग असावं, म्हणजे बदल चालू साइटवर न करता तिच्या प्रतीवर करून बघता येतात. फायली चढवायला साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी हवं, कारण एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. एसएसएच (सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची सोय) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असेल तर काम कितीतरी हलकं होतं. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची) आवृत्ती पॅनेलमधून बदलता यावी आणि नव्या आवृत्त्या वेळेवर मिळाव्यात. पीएचपी ७.४ चे सुरक्षा अपडेट २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबले. नव्या खात्यात आजही तीच आवृत्ती लावून देणारी कंपनी असेल तर बाकी गोष्टींकडे तिचं किती लक्ष असेल, याचा अंदाज येतो.

एसएसएल प्रमाणपत्रासाठी (साइटची जोडणी सुरक्षित करणाऱ्या) वेगळे पैसे मागत असतील तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं मोफत आहेत आणि साध्या साइटला पुरेशी आहेत. महत्त्वाचं काय, तर ती आपोआप नवी होतात का. प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने प्रमाणपत्र बदलत बसायचे दिवस संपले.

बॅकअप

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागली आणि डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांनी बॅकअप घेतलेले होते, पण तेही त्याच आवारात होते. मूळ साइटही गेली आणि प्रतही गेली. ही घटना मी प्रत्येक नव्या डिझायनरला सांगतो.

कंपनीला चार प्रश्न विचारा. बॅकअप किती वेळाने घेता? किती दिवस ठेवता? कुठे ठेवता, त्याच सर्व्हरवर, त्याच इमारतीत की वेगळ्या ठिकाणी? आणि परत बसवून देण्याचे पैसे घेता का? चौथा प्रश्न विसरू नका, कारण काही योजनांमध्ये बॅकअप फुकट आणि तो पुन्हा बसवणं मात्र पैसे मोजून असतं.

उत्तरं कितीही छान आली तरी स्वतःची एक प्रत वेगळ्या कंपनीच्या साठ्यावर ठेवा. फायली आणि डेटाबेस दोन्ही. वर्डप्रेसचा सगळा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. नुसतं फोल्डर उतरवून घेणाऱ्याच्या हाती थीम आणि चित्रं लागतात, लेख नाही. दुकानाच्या साइटला रोजचा बॅकअपही अपुरा पडू शकतो: रात्री बारा वाजता प्रत घेतली आणि संध्याकाळी सहाला साइट मोडली, तर अठरा तासांच्या ऑर्डर हरवल्या. आणि एकदा तरी तो बॅकअप स्टेजिंगवर बसवून बघा. परत बसवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही, तुम्हीही विसंबू नका.

ईमेल वेगळं ठेवा

होस्टिंगसोबत ईमेल फुकट मिळतं म्हणून ते तिथेच चालू करण्याचा मोह होतो. माझा सल्ला: शक्य असेल तर ईमेल स्वतंत्र सेवेवर ठेवा. शेअर्ड सर्व्हरवरच्या एका खात्यातून स्पॅम गेलं तर त्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) जाणारे सगळ्यांचे मेल अडकतात. शिवाय साइट बंद पडली की मेलही बंद, आणि होस्टिंग बदलायचं म्हटलं की मेलबॉक्सही हलवा.

साइटवरचे संपर्क फॉर्म हा वेगळाच विषय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नोंदींशिवाय (मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) मेल स्पॅममध्ये जाण्याची किंवा परत फिरण्याची शक्यता मोठी. म्हणून फॉर्मचे मेल सर्व्हरच्या साध्या मेल फंक्शनवरून न पाठवता एसएमटीपी सेवेमार्फत (मेल पोचवणाऱ्या स्वतंत्र सेवेतून) पाठवा. 'फ्रॉम' मध्ये क्लायंटच्या डोमेनचा पत्ता आणि 'रिप्लाय-टू' मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा. कितीतरी फॉर्म उलटं करतात: फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम' मध्ये टाकतात, आणि चौकशीचा मेल क्लायंटपर्यंत पोचतच नाही.

नाव कुणाचं?

डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर. होस्टिंगचं खातं क्लायंटचं, बिलही त्याच्याकडे. तुम्ही घ्यायची ती फक्त सहयोगी म्हणून प्रवेशाची परवानगी, जी अनेक कंपन्या देतात. सुरुवातीला हे कटकटीचं वाटतं. क्लायंट म्हणतो, 'तुम्हीच सगळं करून टाका, मला त्यातलं काही कळत नाही.' तरीही खातं त्याच्या समोर बसून त्याच्याच पत्त्यावर उघडा. डोमेन डिझायनरच्या नावावर असेल आणि पुढे संबंध बिघडले, डिझायनरने व्यवसाय बदलला किंवा तो आजारी पडला, तर क्लायंट स्वतःच्याच नावाला मुकतो. त्याच्या पाट्या, कार्डं, सगळ्यांवर तो पत्ता छापलेला असतो. दुसऱ्याची ती चीज आपल्या ताब्यात ठेवू नये.

डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे असावं, असंही मला वाटतं. 'पहिल्या वर्षी डोमेन मोफत' ही योजना बहुतेक वेळा होस्टिंगला बांधलेली असते. नवं नोंदवलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही, म्हणून ऐन साइट बदलायच्या आठवड्यात हा विषय काढू नका. ऑटो-रिन्यू चालू आहे ना आणि त्याला जोडलेलं कार्ड चालू आहे ना, हे वर्षातून एकदा पाहा.

पैसे भरण्याआधी आजमावा

विक्री विभागाशी गप्पा मारून काही कळत नाही. तांत्रिक मदतीला एक खराखुरा प्रश्न पाठवा: 'या योजनेत एंट्री प्रोसेस किती आणि त्या ओलांडल्यावर काय होतं?' सुट्टीच्या दिवशी, रात्री पाठवा. किती वेळाने उत्तर आलं यापेक्षा उत्तर प्रश्नाला धरून होतं का, ते बघा. ठोकळेबाज मजकूर चिकटवणारी माणसं अडचणीच्या वेळीही तेच करतील.

मग पैसे परत मिळण्याची मुदत असलेली योजना महिन्यापुरती घ्या. साइटची प्रत तिथे बसवा, रिकामं वर्डप्रेस नको. तुमची खरी थीम, खरे प्लगइन, खरी चित्रं. वेबपेजटेस्ट या वेग मोजणाऱ्या साइटवर क्लायंटच्या ग्राहकांच्या जवळचं ठिकाण निवडून पहिल्या बाइटचा वेळ मोजा. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. एकाच वेळी मोजलेल्या आकड्यावरून शेअर्ड सर्व्हरचा स्वभाव कळत नाही. कॅश बंद करूनही मोजा, कारण सर्व्हरची खरी ताकद तेव्हाच दिसते. जोडीला अपटाइमरोबोटसारखी पहारा देणारी सेवा लावून ठेवा.

जुन्या जागेवरून साइट हलवताना

एक दिवस आधी डीएनएस नोंदींचा (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर जपून ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो. डीएनएसच्या सगळ्या नोंदी उतरवून ठेवा. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की जुन्या नोंदी आपोआप नव्या जागी येत नाहीत; एमएक्स नोंद (मेल कुठे जावा ते सांगणारी) राहून गेली तर साइट छान चालते आणि मेल मात्र बंद पडतात, आणि ते लक्षात यायला दोन दिवस जातात.

नव्या सर्व्हरवर साइट बसवल्यावर आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं डोमेन कोणत्या आयपीवर उघडायचं ते फक्त त्या संगणकापुरतं ठरवणाऱ्या) नवा आयपी लिहा. म्हणजे जगाला जुनी साइट दिसत असताना तुम्ही नवी तपासू शकता: फॉर्म, शोध, लॉगिन, पेमेंट. दुकानाची साइट असेल तर शेवटची प्रत घेताना थोडा वेळ ऑर्डर बंद ठेवा, नाहीतर काही ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये राहतील. हे काम शुक्रवारी संध्याकाळी करू नका. आठवड्याच्या सुरुवातीला, कमी वर्दळीच्या तासांत करा.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, दोन आठवडे तरी चालू ठेवा. त्या काळात जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदवहीत) अजून कुणाची ये-जा दिसते का ते पाहा. ती थांबली की शेवटचा पूर्ण बॅकअप उतरवून घ्या, जुन्या मेलबॉक्समध्ये काही राहिलं नाही याची क्लायंटकडून खात्री करून घ्या, ऑटो-रिन्यू बंद करा, जोडलेलं कार्ड काढून टाका आणि मगच खातं रद्द करण्याचा अर्ज पाठवा.